गाडीला गंज लागलाय: वॉरंटीत करून घ्यायचं, बाहेर पेंट मारायचा की पॅनेलच बदलायचं?

दाराच्या खालच्या कडेला किंवा डिकीवर नंबरप्लेटच्या दिव्याच्या बाजूला पेंटखाली बारीक फोड दिसायला लागले की तीन सल्ले लगेच मिळतात. एक जण म्हणतो वॉरंटी आहे ना मग सर्व्हिस सेंटरला टाक, दुसरा म्हणतो तिकडे नुसते हेलपाटे होतील, माझ्या ओळखीचा पेंटर आहे तीन हजारात करून देईल, आणि तिसरा म्हणतो दारच बदल, कटकट नको. तिन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. पण तुमच्या गाडीला कुठला लागू पडतो हे एका गोष्टीवर ठरतं, गंज बाहेरून आत गेलाय की आतून बाहेर आलाय. पैसे कोणी भरायचे आणि काम किती टिकणार, दोन्ही त्यावरच आहे, म्हणून आधी ते बघा.

बाहेरून आलेला गंज ओळखायला सोपा असतो. बॉनेटच्या पुढच्या कडेवर, चाकाच्या कमानीवर दगड उडून टवका गेलेला असतो, मधोमध तांबूस ठिपका आणि त्याच्याभोवती पेंट थोडा उचललेला. आतून आलेल्या गंजात पेंट अख्खा असतो, कुठे ओरखडा नाही, आणि तरी खाली फोड. आणि तो नेमका कडेला असतो. दाराचा बाहेरचा पत्रा खालच्या टोकाला आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, साडीला फॉल लावताना कड दुमडतात तसा, आणि त्या घडीवर कंपनीत सीलरची एक रेघ ओढलेली असते. काचेवरून दारात उतरणारं पाणी खालच्या बारीक भोकांतून बाहेर पडायला हवं. ती भोकं बुजली की पाणी घडीत साचतं आणि जिथे सीलर तुटक पडलाय तिथून आत शिरतं. दार उघडून खाली वाका, प्लॅस्टिकचा केबल टाय भोकात घालून फिरवा. कोकणातली गाडी असेल तर तांबड्या मातीचा चिखल हमखास बाहेर येतो. मग फोडावर नखाने हलकं दाबा, करकर लागली तर पत्रा आतून खाल्लाय असं समजा.

आता पेंटबद्दल थोडं, कारण ते कळल्याशिवाय तीन पर्यायांतला फरक कळत नाही. कारखान्यात अख्खी बॉडी प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि वीज सोडून तो प्रायमर पत्र्यावर बसवतात, त्यामुळे तो पोकळीतही पोचतो जिथे स्प्रेगन कधीच पोचणार नाही, आणि मग साधारण १६० ते १८० डिग्रीला भाजतात. याला ईडी कोट म्हणतात. त्यावर सरफेसर, रंगाचा कोट आणि क्लिअर कोट, सगळं मिळून १०० ते १३० मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास. गॅरेजच्या बूथमध्ये ६० ते ८० डिग्रीपर्यंतच भाजता येतं, नाहीतर प्लॅस्टिक, वायरिंग, सीट सगळ्याची वाट लागेल. म्हणजे एकदा घासून तो ईडी कोट काढला की तो परत येत नाही, मग पेंटर कितीही हुशार असू दे आणि सर्व्हिस सेंटर कितीही चकाचक असू दे.

वॉरंटीचं बघू. आपल्याकडे गाडीची वॉरंटी म्हणजे मुख्यतः बनवतानाच्या दोषाची. पुस्तिका उघडून पेंट आणि गंज यांची वेगळी मुदत लिहिलीय का ते वाचा, कारण काही कंपन्या पेंटला एक मुदत देतात आणि आरपार भोक पाडणाऱ्या गंजाला दुसरी, जास्त मोठी. युरोपात फोक्सवॅगन अशा आरपार गंजाला १२ वर्षं देते, पण ते वाचून इथे भांडायला जाऊ नका, इथल्या गाडीला इथल्याच पुस्तिकेतल्या अटी लागतात. आणि "आरपार" या शब्दाला धरून बसतात हे लक्षात ठेवा, म्हणजे आतून सुरू होऊन बाहेर भोक पडलं तरच मोठी मुदत, नुसत्या फोडाला पेंटची छोटी मुदत. पुढे वगळलेल्या गोष्टींची यादी येते, दगड, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, कारखान्यांचा धूर, खारी हवा, बाहेर केलेली दुरुस्ती. यातलं खारी हवा हे अलिबाग, मालवण, रत्नागिरी, वर्सोवा, पणजी कुठल्याही गाडीवाल्याला ऐकवलं जातं. सर तुम्ही समुद्राजवळ राहता, विषय संपला.

पण तो तिथे संपत नाही, संपू देऊ नका. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं आणि त्यातल्या क्लोराइडमुळे गंज झपाट्याने वाढतो हे शंभर टक्के खरं, भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोटीने गाडी नेली की काचेवर पांढरट थर दिसतोच. पण हवा काय एकाच दाराला लागते का? दोन्ही बाजूंची दारं त्याच हवेत आहेत. डाव्या मागच्या दाराच्या घडीतून फोड आलेत आणि उजव्या मागच्या दाराची तीच जागा स्वच्छ आहे, तर दोन्हीकडची सीलरची रेघ शेजारी शेजारी फोटो काढून दाखवा. एका बाजूला सलग आणि दुसऱ्या बाजूला तुटक दिसली तर तुमचा मुद्दा उभा राहिला, तो दोष बनवतानाचा आहे, समुद्राने फक्त तो लवकर उघडा पाडला. दगडाच्या टवक्यातून आलेला गंज मात्र वॉरंटीत मिळणार नाही, त्यावर शक्ती घालवू नका, तो वेळ नीट पेंटर शोधण्यात घाला.

जॉबकार्डवर, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना तक्रार लिहितात त्या कागदावर, काय लिहिलं जातं यावर निम्मं काम होतं. सर्व्हिस ॲडव्हायझर "पेंट प्रॉब्लेम" असं दोन शब्दांत टाकून मोकळा होतो. त्याला नीट सांगून लिहून घ्या, डावं मागचं दार, खालची कड, पेंट न फुटता घडीतून गंज, आणि तारीख आणि किलोमीटर. मुदत संपायच्या आत तक्रार नोंदली गेली हे त्या कागदावरूनच सिद्ध होणार आहे. मग फोटो कंपनीला जातात, एरियाचा माणूस येऊन बघतो, मंजुरीला आठवडे जातात, तेवढा धीर ठेवायची तयारी हवी. नाही म्हणाले तर कारणासकट लेखी मागा. आणि तोवर त्या जागेला हात लावू नका, टच-अप सुद्धा नको, नाहीतर बाहेर दुरुस्ती केली म्हणून मोकळे होतील.

मंजुरी मिळाली की खरा प्रश्न येतो, आणि इथेच लोक फसतात. वॉरंटीत सहसा पहिली तयारी असते ती पेंट करून द्यायची. घडीतला गंज बाहेरून घासून जात नाही, तो दोन पत्र्यांच्या मध्ये बसलेला असतो. रत्नागिरीला माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं दार असंच वॉरंटीत पेंट करून मिळालं, दिसायला एकदम झकास, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर त्याच जागी परत फोड. तोपर्यंत वॉरंटी संपलेली. पहिलं जॉबकार्ड मुदतीतलं होतं आणि त्यावर जागा नेमकी लिहिलेली होती म्हणून दुसऱ्यांदा नवीन दार मिळालं, पण त्यासाठी त्याने सर्व्हिस मॅनेजरच्या केबिनमध्ये किती वेळा बसून काढलं ते त्यालाच माहीत. म्हणून आतून आलेला गंज असेल तर पहिल्याच दिवशी पॅनेल बदलून मागा, पेंटवर समाधान मानू नका.

बाहेरच्या गॅरेजची बाजू मी कमी लेखत नाही. दगडाचे टवके, कमानीवरचे ठिपके, वॉरंटी संपलेली गाडी, यासाठी चांगला डेंटिंग-पेंटिंगवाला हा सर्व्हिस सेंटरपेक्षा उजवा पर्याय आहे. एका पॅनेलला बाहेर अडीच ते चार हजार, सर्व्हिस सेंटरला साधारण चार ते सात, शहर आणि रंगाप्रमाणे पुढे-मागे. पण कामाचा क्रम विचारा. चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासणार का, त्यावर आधी इपॉक्सी प्रायमर मारणार का, आणि मग पुट्टी. उघड्या पत्र्यावर थेट पुट्टी भरणाऱ्याकडे गाडी देऊ नका, पुट्टी ओलावा शोषते आणि खाली गंज मजेत वाढत राहतो, वरून वर्षभर काही कळत नाही. मेटॅलिक किंवा पर्ल रंग असेल तर शेजारच्या पॅनेलवर तोच रंग थोडा मिसळत न्यावा (ब्लेंड करावा) लागतो, नाहीतर उन्हात दार वेगळं दिसतं. शक्यतो ऑक्टोबरनंतर करा, कोकणातल्या जुलैच्या हवेत साध्या शेडमध्ये मारलेला रंग नीट बसत नाही. टवका मे महिन्यात दिसला तर मात्र पाऊस संपायची वाट बघत तसाच ठेवू नका, साफ करून टच-अप लावून ठेवा, वॉरंटीचा काही संबंध नसेल तर.

पॅनेल बदलणं महाग वाटतं पण सगळीकडे तसं नसतं. दार, बॉनेट, डिकी, पुढचं फेंडर ही नटबोल्टवर निघतात, नवं पॅनेल प्रायमर लागूनच येतं, म्हणजे घडीच्या आतल्या बाजूलाही संरक्षण असतं, हाच त्याचा मोठा फायदा. दाराचा नुसता सांगाडा, रंग आणि काच-लॉक-वायरिंग हलवायची मजुरी धरून लहान गाडीलाही पंधरा-वीस हजारांच्या घरात जाऊ शकतं, एस्टिमेट घेतल्याशिवाय धरून चालू नका. मुंबईकरांना अजून एक रस्ता आहे, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी दारं मिळतात, आणि आपल्याच रंगाचं, कंपनी पेंटचं, घडी स्वच्छ असलेलं दार मिळालं तर माझ्या मते ते नवीन दार रंगवण्यापेक्षाही सरस. तिथे जाताना चुंबक न्या, आत पुट्टी असेल तर पकड ढिली लागते. बसवल्यावर दाराच्या आत पोकळीत वॅक्स मारायला सांगा, अंडरबॉडी कोटिंगपेक्षा याचा उपयोग जास्त, आणि मागितल्याशिवाय सहसा कोणी मारत नाही. मागची क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा पत्रा), सिल (दाराखालची बॉडीची पट्टी), छप्पर ही मात्र वेल्ड केलेली असतात, ती कापून बदलणं हे मोठं काम आहे आणि गंज थोडा असेल तर मी तिथे चांगली दुरुस्तीच निवडेन.

गाडी विकायचा विचार असेल तर एवढं धरा, हल्ली बघायला येणारा रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर घेऊनच येतो. कंपनी पेंटला शंभर-सव्वाशे मायक्रॉन, रिपेंटला दोनशेच्या वर, पुट्टीला त्याहून कितीतरी जास्त आकडा येतो, मग किंमत पाडायला त्याला निमित्त मिळतं. वॉरंटीत बदललेल्या दाराचं जॉबकार्ड हातात असेल तर निदान अपघाताचा संशय तरी दूर होतो.

इन्शुरन्सचा सल्ला कोणी देईल. गंज म्हणजे झीज, ती मोटार पॉलिसीत येत नाही, झिरो डेप (पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) असलं तरी नाही. ओरखडा दाखवून क्लेम टाकू असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, एक तर ते खोटं आहे, वर नो क्लेम बोनस जातो, जो पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो.

वॉरंटी नाकारली आणि तुमचा मुद्दा पक्का आहे असं वाटत असेल तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोटो, जॉबकार्ड आणि लेखी नकार जोडून मेल करा, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गाडी पुण्यात घेतली आणि तुम्ही सिंधुदुर्गात असलात तरी. मुदत दोन वर्षं. फी गाडीच्या दिलेल्या किमतीवर, ५ लाखांपर्यंत काही नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये. एका दाराच्या पेंटसाठी मी इतकं करणार नाही, पण डिकी आणि दोन दारं अशी गेली असतील आणि गाडी तीन वर्षांचीच असेल तर नक्की करेन.

राहिली जुनी गाडी, दहा-बारा वर्षांची. तिथे दारांवर पैसे घालायच्या आधी गाडी लिफ्टवर घेऊन सिल, जॅक लावायची जागा आणि मागचं सस्पेन्शन बॉडीला जिथे धरलेलं असतं ती जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघायला सांगा. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर दाराचा पेंट विसरा, आधी तो पत्रा कापून नवीन वेल्ड करून घ्या, आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जात असेल तर पुढच्याला खरं सांगून विका.