मानसिक आरोग्यसेवेवरचे दिवसभराचे चर्चासत्र: एका शुभंकराचे परीक्षण

मानसिक आरोग्यसेवेपुढच्या सध्याच्या अडचणींवर पुण्यात नुकतेच एक दिवसभराचे चर्चासत्र झाले. चार तज्ज्ञांची व्याख्याने आणि शेवटी कुटुंबीयांचा परिसंवाद असे त्याचे स्वरूप होते. प्रवेश सशुल्क होता. श्रोत्यांमध्ये डॉक्टर, समुपदेशक आणि समाजकार्याचे विद्यार्थी तर होतेच, पण घरातल्या आजारी माणसाची वर्षानुवर्षे काळजी घेणारे नातेवाईकही मोठ्या संख्येने होते. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन वापरते त्या शब्दांत सांगायचे तर आजार असलेली व्यक्ती शुभार्थी आणि तिची काळजी घेणारे शुभंकर. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा तीव्र मानसिक आजार) आहे आणि हे परीक्षण मी शुभंकराच्या भूमिकेतूनच लिहीत आहे. वक्त्याचा अधिकार मोठा असावा ही अपेक्षा असतेच. परंतु सभागृहातून बाहेर पडताना पुढच्या अडचणीच्या वेळी कोणाकडे जायचे, कोणता अर्ज करायचा आणि कोणत्या गोष्टीवर आपला हक्क आहे हे समजलेले असावे, ही माझ्या लेखी अशा कार्यक्रमाची खरी कसोटी आहे.

या कसोटीवर सर्वांत सरस ठरले ते मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ या विषयावरचे वकील वक्त्यांचे व्याख्यान. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. तरीही भरती, संमती आणि घरी सोडणे या बाबतींत बहुतेक कुटुंबे अजून जुन्याच समजुतींवर चालतात. वक्त्यांनी कलमांची जंत्री न वाचता एका काल्पनिक कुटुंबाची वर्षभराची वाटचाल समोर ठेवली आणि प्रत्येक वळणावर कायदा काय देतो ते दाखवले. प्रकृती बरी असताना सज्ञान व्यक्तीला आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आगाऊ सूचनापत्रात लिहून ठेवता येते, आणि आपल्या वतीने निर्णयात मदत करणारा प्रतिनिधीही नेमता येतो. आजार बळावून ती व्यक्ती स्वतःहून दाखल होण्यास तयार नसेल, तर या प्रतिनिधीच्या अर्जावरून, कायद्याने ठरवलेल्या तपासण्या पूर्ण झाल्यावर, तीस दिवसांपर्यंत भरती करता येते; त्यापुढे ठेवायचे असल्यास नव्याने कारणे द्यावी लागतात आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, हे ऐकल्यावर माझ्या शेजारच्या रांगेतल्या अनेकांनी वही काढली. साखळदंडाने बांधणे आणि भूल व स्नायू सैल करणारे औषध न देता विजेचे (शॉकचे) उपचार करणे यांवर या कायद्याने बंदी घातली आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवण्याच्या जागेला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेली २८ माणसे होरपळून मेली, तो प्रसंग वक्त्यांनी या बंदीच्या संदर्भात अत्यंत संयमाने सांगितला आणि त्या वेळी सभागृहात कोणी हालचालही केली नाही.

आत्महत्येच्या प्रयत्नासंबंधीचे त्यांचे विवेचनही नेमके होते. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवायचा नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा ठरवणारे जुन्या दंड संहितेतले कलम ३०९ राहिलेले नाही. लोकसेवकाला त्याचे कर्तव्य करण्यापासून रोखण्यासाठी किंवा त्याला एखादी गोष्ट करायला भाग पाडण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे एवढाच गुन्हा उरला आहे. पोलिसांच्या भीतीने विषबाधेचा रुग्ण दवाखान्यात न नेणारी किंवा ‘चुकून प्यायला’ असे सांगणारी कुटुंबे आपल्याकडे आजही आहेत आणि त्यांच्यापर्यंत एवढी एक माहिती पोहोचली तरी जीव वाचतील. याच भागात विम्याचा विषय मात्र अर्ध्यावर सुटला. शारीरिक आजाराच्या धर्तीवर मानसिक आजारालाही विमा मिळालाच पाहिजे, असे कायदा सांगतो आणि विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसे कळवलेही आहे, हे वक्त्यांनी सांगितले. परंतु आपल्याकडचे बरेचसे आरोग्य विमे मुख्यतः दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या खर्चापुरते असतात आणि मानसिक आजाराचा बराचसा खर्च बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि समुपदेशन यांवर, तोही वर्षानुवर्षे, होत असतो. ही तफावत कोणी मांडलीच नाही आणि प्रत्येक शुभंकराच्या खिशाला ती दर महिन्याला जाणवते.

मानसोपचारतज्ज्ञांचे बीजभाषण विद्वत्तापूर्ण होते, पण सामान्य श्रोत्यासाठी जड होते. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना सर्वेक्षणाच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि तीव्र विकार असलेल्यांपैकीही सुमारे ७४ टक्के लोक उपचारांपासून दूर होते. हे आकडे गंभीर आहेत आणि ते सांगितलेच पाहिजेत. मात्र ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले होते आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, हे पुण्यातल्या श्रोत्यांना सांगणे आवश्यक होते. पडद्यावरचा सगळा मजकूर इंग्रजीत होता, त्यामुळे मागे बसलेल्या ज्येष्ठ मंडळींना आलेख कशाचा आहे हेच कळत नव्हते.

समाजाधारित सेवेवरचे व्याख्यान मात्र मनापासून आवडले. तज्ज्ञांची संख्या अपुरी आहे, हे रडगाणे न गाता उपलब्ध माणसांत काय करता येते, ते या वक्त्यांनी प्रत्यक्ष कामांतून सांगितले. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना थोड्याच बैठकांचे वर्तनाधारित उपचार दिले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण लक्षणांतून बाहेर आले होते, तर केंद्राची नेहमीचीच सेवा थोड्या सुधारणांसह मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. दुसरे उदाहरण आपल्या विदर्भातले होते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरचे कार्यकर्ते, समुपदेशक आणि ठरावीक दिवशी येणारे मानसोपचारतज्ज्ञ अशी साखळी उभी करणाऱ्या ‘विश्राम’ या उपक्रमात, नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत ज्या जिल्ह्याचे नाव सतत येते, तिथे गावातल्याच माणसांनी हे काम केले, याचा मला फार आनंद झाला. अशा कामांची माहिती मराठी वाचकांपर्यंत पुरेशी पोहोचत नाही, याचे तितकेच वाईट वाटते.

एक उणीव इथेही राहिली. दोन्ही उदाहरणे प्रामुख्याने नैराश्याची होती. स्किझोफ्रेनियासाठी दवाखान्यातील उपचारांच्या जोडीला घरी जाऊन मदत करणारे प्रशिक्षित कार्यकर्ते दिले तर काय होते, याचा अभ्यास तमिळनाडू, गोवा आणि सातारा येथे झाला होता व २०१४ मध्ये त्याचे निष्कर्षही प्रसिद्ध झाले. सुधारणा माफक होती, पण लक्षणे आणि दैनंदिन कामांतली असमर्थता या दोन्हींत ती दिसली. साताऱ्याचा हा अनुभव सभागृहातल्या शुभंकरांसाठी सर्वांत जवळचा होता आणि तोच वगळला गेला.

किशोरवयीन मुले आणि मोबाइल यांवरचे चौथे व्याख्यान सरधोपट होते. ‘मुलांशी संवाद साधा’ या पलीकडे ते फारसे गेले नाही. शाळेतील शिक्षकाने धोक्याचे लक्षण ओळखल्यावर पुढे कोणाकडे पाठवायचे, या थेट प्रश्नाला टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी समुपदेशन सेवेचा १४४१६ हा क्रमांक एवढेच उत्तर मिळाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा विनाशुल्क आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते, त्यामुळे क्रमांक सांगितला हे योग्यच झाले. पण दूरध्वनीनंतर प्रत्यक्ष तपासणी कुठे होणार, हा प्रश्न तसाच राहिला.

परिसंवादाला केवळ पाऊण तास दिला होता आणि दिवसातला सर्वांत मोलाचा मजकूर त्या पाऊण तासात होता. बरे झालेल्या व्यक्तीने दवाखान्यातून निघून कुठे राहायचे, यावर एका ज्येष्ठ आईने विचारलेल्या प्रश्नाने चर्चेला खरी दिशा मिळाली. ‘माझ्या माघारी याचं कोण?’ हे तिचे शब्द होते. समाजात राहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, परंतु त्यासाठी लागणारी मध्यंतर निवासगृहे (दवाखाना आणि घर यांमधल्या काळात राहण्याच्या जागा) आणि आधारयुक्त घरे फारच थोडी आहेत. मनोरुग्णालयांतील व्यक्तींना भिक्षेकरीगृहांत हलवणे ताबडतोब थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाला सांगावे लागले, याची आठवण वकील वक्त्यांनी करून दिली. घरी सोडण्यापूर्वी पुढील उपचारांचे नियोजन शुभार्थी आणि कुटुंबीय यांच्याशी बोलून करणे हे डॉक्टरांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते नियोजन आपण लेखी मागून घ्यावे, असेही त्यांनी सुचवले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असल्याने ४० टक्के किंवा त्याहून अधिक असमर्थतेचे प्रमाणपत्र मिळाल्यास सवलतींचा मार्ग खुला होतो, हा मुद्दा एका शुभंकर वडिलांनी स्वतःच्या धावपळीसह सांगितला. नेमक्या अशा वेळी सूत्रसंचालकांनी वेळ संपल्याचे जाहीर केले.

व्यवस्थेबद्दल तक्रार करण्यासारखे फार नाही. ध्वनियंत्रणा चांगली होती आणि सत्रे वेळेवर सुरू झाली. गर्दीत अस्वस्थ होणाऱ्यांसाठी बाहेर एक शांत खोली राखून ठेवली होती, ही जाण मला विशेष भावली. प्रवेशशुल्क मात्र शुभार्थींसाठी माफ असायला हवे होते. अनेकांना स्वतःचे उत्पन्न नसते.

विद्यार्थी आणि नव्याने काम सुरू करणारे समुपदेशक यांनी हे चर्चासत्र पुन्हा झाल्यास पूर्ण ऐकावे. शुभंकरांना दिवसभर बसणे शक्य नसेल तर कायद्याचे व्याख्यान, समाजाधारित सेवेचे व्याख्यान आणि परिसंवाद एवढे तरी चुकवू नये. पुढच्या वेळी आयोजकांनी बीजभाषण निम्म्यावर आणून परिसंवादाला दोन तास द्यावेत, पडद्यावरचा मजकूर मराठीत ठेवावा आणि आगाऊ सूचनापत्राचा कोरा नमुना प्रत्येकाच्या हाती द्यावा, अशी लेखी सूचना मी त्यांना पाठवली आहे.