राइट कॅश चालू की बंद? पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डिस्कपुरता विचार

राइट कॅश म्हणजे डिस्कमधली तात्पुरती मेमरी; तो चालू असला की लिहायचा डेटा आधी तिथे थांबतो, आणि वीज गेली की पुसला जाऊ शकतो. आधी कॅश बंद असेल तर काय, ते पाहू. ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते. लॉगची (प्रत्येक बदल आधी जिथे नोंदला जातो ती फाइल) पुढची नोंद लिहायला प्रत्येक वेळी जवळपास एक फेरा थांबावं लागतं, त्यामुळे एका कनेक्शनवर सेकंदाला साधारण १२० कमिट (पक्के केलेले व्यवहार), त्याहून जास्त नाही. वेग जीव खातो, पण वीज गेली तरी कमिट झालेलं जागेवर सापडतं. एचडीपार्म या लिनक्सच्या कमांडने कॅश बंद केलात तर रीबूटनंतर पुन्हा तपासा. सेटिंग टिकेलच असं नाही.

चालू कॅश मुळातच वाईट नाही. एफसिंक, म्हणजे 'डेटा खरोखर डिस्कवर लिही' ही मागणी, आली की लिनक्स डिस्कला कॅश रिकामा करायला सांगतं. डिस्क ते इमानदारीने करत असेल आणि फाइलसिस्टिम 'नोबॅरियर'ने (कॅश रिकामा करायचा हा आदेश बंद करणारा पर्याय) माउंट नसेल, तर डेटा सुरक्षित. घात करते ती न लिहिताच 'झालं' म्हणणारी डिस्क. तिथे फक्त शेवटचे व्यवहार जात नाहीत; डेटाची पानं पुढे आणि लॉग मागे राहतो, इंडेक्स टेबलशी जुळत नाही. पीजी_टेस्ट_एफसिंक (सेकंदाला किती एफसिंक होतात ते मोजणारं पोस्टग्रेसचं साधन) चालवा: साध्या ७२०० च्या डिस्कवर हजारोंचा आकडा दिसला, तर तिच्यावर विसंबू नका.

बॅटरीवाला रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) असेल तर त्याचा कॅश चालू, मागच्या डिस्कचा मात्र बंदच. बॅटरी तिथवर पोचत नाही. एसएसडी घेताना वीज गेल्यावर तग धरणारे कपॅसिटर आहेत का ते पाहा.

निव्वळ वेग हवा असेल तर सिंक्रोनस_कमिट (लॉग डिस्कवर पोचेपर्यंत कमिटला थांबवणारं पोस्टग्रेसचं सेटिंग) बंद करा. सर्व्हर कोसळला तर मूळ सेटिंगमध्ये फार तर ०.६ सेकंदाचे कमिट जातील, डेटाबेस मोडणार नाही. पोस्टग्रेसच्या एफसिंक सेटिंगला मात्र हात लावू नका, ते चालूच राहू द्या.