जुन्या एसयूव्हीला घरीच बसवलेलं ५० मिमीचं लिफ्ट किट : आठ महिन्यांनंतर

गाडी शिडीसारख्या चासीची, पुढे-मागे सॉलिड एक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकसंध दांडा) आणि कॉइल स्प्रिंग. स्प्रिंग-शॉकअप बदलून गाडीची उंची वाढवणारं हे किट बसवून आठ महिने आणि ९,००० किलोमीटर झाले. स्प्रिंग आणि शॉकअप बदलायला एक शनिवार-रविवार पुरला. गाडी पुन्हा मनासारखी चालायला मात्र चार महिने लागले, म्हणून जास्त त्याबद्दलच लिहितो.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ गंजाने घेतला. आधीचे चार दिवस रोज बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारलं, तरी मागच्या शॉकअपचा खालचा एक बोल्ट कापावाच लागला. चासी दोन भक्कम स्टँडवर, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे, एक्सलखाली वेगळा जॅक. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच जाऊ नका. शॉकअप आणि अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) लिंक सोडल्यावर एक्सल इतका खाली आला, की जुनी स्प्रिंग हातानेच निघाली. त्या वेळी ब्रेकच्या रबरी पाइपांवर नजर हवी, एक्सल त्यांच्यावर लटकता कामा नये. माझे पुढचे पाइप ताणले जात होते, म्हणून लांब पाइप घातले.

चूक झाली ती आवळताना. मागच्या ट्रेलिंग आर्मचे (एक्सलला चासीशी जोडणारे दांडे) बोल्ट मी गाडी स्टँडवर असतानाच पूर्ण आवळले. या आर्मच्या टोकांना बुश असतात, म्हणजे एकात एक दोन नळ्या आणि मध्ये रबर. हे रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटलेलं असतं. ते फिरत नाही, पिळलं जातं. एक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळला, की गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायमचं पिळलेलंच राहतं. तिसऱ्या महिन्यात प्रत्येक गतिरोधकावर मागून करकर यायला लागली. खाली जाऊन पाहिलं तर दोन बुशना भेगा. नवे बुश घातले, बोल्ट आधी नुसते बेताचे लावले, गाडी चाकांवर उतरवली, थोडी हलवली आणि मग टॉर्क रेंचने शेवटचं आवळलं. त्यानंतर आवाज नाही. किटच्या सूचनापत्रकात याचा एका ओळीतही उल्लेख नाही आणि त्याचा मला खरंच राग आहे.

दुसरा त्रास स्टिअरिंगचा. गाडी उचलल्यावर पुढचा एक्सल किंचित फिरतो आणि कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन, कमी होतो. माझा जवळजवळ दोन अंशांनी घटला होता. ऐंशीच्या वेगाला गाडी तरंगल्यासारखी वाटायची, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नसे. छिद्र मध्यापासून सरकवलेले कॅस्टर बुश प्रेसवर बसवून घेतले, मग अलाइनमेंट केली. तेव्हा कुठे लांबच्या प्रवासाची धास्ती गेली. पॅनहार्ड रॉडमुळे (एक्सलला आडवं धरून ठेवणारा दांडा) एक्सल एका बाजूला सरकतो, तोही लांबी बदलता येणारा रॉड घालून मध्यावर आणला.

ब्रेकचं मात्र पहिल्याच दिवशी करा. माझ्या गाडीत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व आहे. मागची बाजू उंचावली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि तो मागचा दाब घटवतो. पहिले दोन आठवडे ब्रेक दाबला की नाक खाली जायचं, ते यामुळे. व्हॉल्वची पट्टी तेवढ्याच उंचीने सरकवली आणि फरक लगेच जाणवला. हेडलाइटही त्याच दिवशी खाली करून घ्या, समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

उंची मोजताना चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा फसवते. सुरुवातीला ५२ मिमी वाढ मिळाली, सहा आठवड्यांत स्प्रिंग दबून ४५ वर थांबली. डिफरन्शियलचा, म्हणजे एक्सलवरच्या गिअरचा, गोळा होता तेवढ्याच उंचीवर आहे, कारण तो फक्त मोठ्या टायरने उचलतो. तरीही पूर्वी चढाला लागताना बंपर आणि टेकाड ओलांडताना पोट घासायचं, ते आता जवळपास बंद झालंय. सामान भरलेलं असताना गाडी अप्रतिम चालते. रिकामी असताना मागून कडक वाटते. जे एकटेच फिरतात त्यांनी कमी भाराची स्प्रिंग निवडावी.

एक गोष्ट अजून बाकी आहे. सत्तरच्या आसपास मागून बारीक थरथर येते, वेग वाढला की जाते. प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून एक्सलला फिरवणारा दांडा) दोन टोकांचे कोन आता जुळत नसावेत असा माझा अंदाज आहे. त्याच्या टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटमध्ये ढिलेपणा नाही, ते तपासून झालं. पुढच्या आठवड्यात कोन मोजणार आहे.