आठ महिने, एकवीस रात्री : खोली आधी ठरवून आणि न ठरवता

दसऱ्याला गाडी घेतली. जीएसटी उतरून लहान गाड्या स्वस्त झाल्या तेव्हा ठाण्यातल्या शोरूमसमोर जी झुंबड उडाली, त्यातलेच आम्ही. आता जून अर्ध्यावर आला. आठ महिन्यांत नऊ सहली झाल्या आणि एकवीस रात्री घराबाहेर काढल्या. गाडीचा अनुभव सगळेच लिहितात. मी मुक्कामांचा लिहिते, कारण आमच्याकडे कामाची वाटणीच तशी आहे : स्टिअरिंग ह्यांच्याकडे, फोन माझ्याकडे. कुठे उतरायचं, किती द्यायचे, गरम पाणी किती वाजेपर्यंत, हे सगळं माझं खातं. गाडीत आम्ही दोघं, सातवीतली लेक आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून समुद्र दिसणारी खिडकी आमच्या यादीत दुसरी. कमोड पहिला.

मत आधीच सांगून टाकते. ठाण्याहून कोकणात निघणार असाल, तर पहिल्या रात्रीची खोली आधी घेऊ नका, दुसऱ्या रात्रीची घ्या. सगळे जाणकार नेमकं उलट सांगतात : पहिली रात्र पक्की करा, पुढचं पुढे बघा. मीही तेच केलं होतं. त्याची किंमत २,८०० रुपये.

भाऊबीज गुरुवारी झाली, शुक्रवारी गुहागरला निघायचं ठरलं. एका ॲपवरून खोली घेतली. 'रद्द केल्यास परतावा नाही' असं लिहिलेली खोली चारशे रुपयांनी स्वस्त होती, म्हणून तीच. बाराला निघू म्हणता म्हणता माजिवड्याहून गाडी हलली तीनला. मुंब्रा बायपासवर ट्रकांच्या मागे पाऊण तास. कळंबोलीला पुन्हा तेच. पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा दिवे लागले होते. मग वडखळ, मग कोलाड, आणि मग इंदापूर ते माणगाव. ज्यांनी सुट्टीत हा पट्टा ओलांडला आहे त्यांना मी वेगळं काही सांगायला नको. माणगावच्या बाजारपेठेत पोहोचायला पावणेदहा झाले. गुहागर अजून दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि ह्यांचे डोळे लाल.

गुहागरच्या मालकांना फोन केला. भला माणूस. म्हणाले, "ताई, कितीही वाजता या, मी दार उघडतो. पण रात्रीचं असं दामटू नका." उद्यावर ढकलता येईल का विचारलं, तर म्हणाले, "थेट मला फोन केला असता तर ढकललं असतं. आता ते ॲपवाल्यांच्या हातात." ॲपवाल्यांकडे एक यंत्र बोलत होतं. त्याने तीनदा माझी दिलगिरी व्यक्त केली.

माणगावात रस्त्याला लागून 'फॅमिली लॉजिंग' अशी पाटी दिसली. काउंटरवर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आणि समोर रजिस्टर : नाव, गाव, कोठून आलात, कोठे जाणार, सोबत किती, वाहन क्रमांक. पेन सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेलं. सुतळी इतकी आखूड की लिहिताना अर्धं वाकावं लागे. खोल्या वरच्या मजल्यावर. मुलाने सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आजींना वर नका चढवू. खाली एक खोली आहे, आम्ही झोपतो तिथं. चादरी बदलून देतो, पाच मिनिटं बसा." बाराशे रुपये. गादीवरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं, कूस बदलली की पापड मोडल्यासारखा आवाज यायचा. पण बाथरूम धुतलेलं होतं, कमोड होता, दाराची कडी नीट लागत होती. सकाळी सहाला बादलीभर कढत पाणी दाराशी. सासूबाई आजही म्हणतात, अख्ख्या सहलीत झोप लागली ती त्याच खोलीत.

तेव्हापासून पद्धत बदलली. गोव्याच्या रस्त्याला माझ्या वहीत तीन थांबे आहेत : माणगाव, महाड, चिपळूण. प्रत्येक ठिकाणी दोन-दोन लॉजचे नंबर. संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी कुठवर आली ते बघते आणि अंदाजाने पुढच्या थांब्याला फोन लावते. "दादा, चार जण आहोत, एक वयस्कर. दीड-दोन तासांत येतो, खालची खोली आहे का?" पाचला फोन केला की निवड असते. आठला केला तर जे उरलं असेल ते. दहाला माणूस फोनच उचलत नाही, कारण तो जेवायला बसलेला असतो. मुक्कामाच्या गावची खोली मात्र दुसऱ्या दिवसापासूनची, थेट मालकाशी बोलून, थोडा ॲडव्हान्स पाठवून पक्की. शुक्रवार कसा जाईल ते ठाण्याच्या माणसाच्या हातात नसतं, शनिवार असतो.

समृद्धीला हा नियम लागू नाही. डिसेंबरात शेगावला गेलो. आमणेला समृद्धीवर चढलो की पुढचं वेळापत्रक घड्याळासारखं. जुगार काय तो भिवंडीपर्यंतचा. तिथे अडचण वेगळी आहे. या रस्त्यावर लॉजची पाटी दिसली आणि गाडी बाजूला घेतली, असं होतच नाही. कंटाळा आला तरी पुढचा इंटरचेंज येईपर्यंत बाहेर पडता येत नाही, आणि बाहेर पडलं की गाव आणखी आत. ताशी १२० ची मुभा असलेल्या रस्त्यावर अंधारात फोनवरून खोली शोधत जाणं मला पटत नाही. एक तर कुठे उतरायचं ते सकाळीच ठरवा, नाहीतर उजेडात पोहोचा. आम्ही मेहकरला उतरून खामगावमार्गे चारच्या आत शेगावात. संस्थानचं भक्तनिवास आधी राखून ठेवता येत नाही. यायचं, ओळखपत्र दाखवायचं, रांगेत उभं राहायचं. ह्यांना धाकधूक होती. चाळीस मिनिटांत खोली मिळाली. स्वच्छतेबद्दल काय सांगू, माझं स्वतःचं घर तेवढं स्वच्छ नसतं. अर्थात तो साधा मंगळवार होता.

न ठरवता जाण्याची हौस जिरली ती २६ जानेवारीला. यंदा तो सोमवारी आला. शनिवारी सकाळी चहा पिताना ह्यांच्या डोक्यात आलं, काशीदला जाऊ, मिळेल कुठेतरी. मी नको म्हटलं होतं, याची नोंद असू द्या. नागावला विचारलं, नाही. रेवदंड्याला नाही. काशीदला एकाने मागच्या दारची, पंखा नसलेली खोली दाखवली आणि सहा हजार मागितले. दारावरच दर लिहिला होता, पंधराशेचा, खडूने. मी बोट दाखवलं तर म्हणाला, "तो मंगळवारचा." मुरूडपर्यंत जाऊन आलो. रात्री पेणमार्गे परत, दीड वाजता माजिवड्यात. लेक झोपेत म्हणाली, "आई, ही खोली छान आहे." तिचीच होती.

त्यामुळे वहीच्या पहिल्या पानावर आता लाल पेनने लिहिलंय : दिवाळीचा आठवडा, नाताळ ते १ जानेवारी, सोमवार किंवा शुक्रवारची सुट्टी, आणि अख्खा मे महिना, एवढ्यात पाटी बघून खोली मिळत नाही. गणपतीतही मिळत नाही, पण कारण उलटं. कोकणातल्या बऱ्याच घरगुती ठिकाणी तेव्हा पाहुणेच घेत नाहीत, कारण मालकाचे स्वतःचे मुंबईकर आलेले असतात.

फेब्रुवारीची सहल सगळ्यांत आवडती. चार रात्री, सोमवार ते शुक्रवार, एकही खोली न ठरवता. लेकीची शाळा असल्याने ती मावशीकडे राहिली. गाडी किनाऱ्याकिनाऱ्याने घ्यायची : आगरदांड्याला जंगलजेट्टीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीवर, चढवून दिघीला, पुढे श्रीवर्धन-हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेश्वी, मग केळशी-आंजर्ले, आणि शेवटी दाभोळहून धोपाव्याला उतरून गुहागर. या वाटेवर मुक्काम तुम्ही ठरवत नाही, जेट्टी ठरवते. एक बोट चुकली की पुढचं सगळं तासाभराने सरकतं, आणि खाडीला वळसा घालायचा तर अर्धा दिवस. म्हणूनच इथे आधी खोली घेऊन ठेवणं मला घोड्यापुढे गाडी जोडल्यासारखं वाटतं.

पण या वाटेवर खोलीपेक्षा जेवणाची पंचाईत मोठी, हे मला आंजर्ल्यात कळलं. कड्यावरच्या गणपतीचं दर्शन घेऊन उतरलो तेव्हा सात वाजले होते. सुपारीच्या वाडीतलं घर, मागे दोन नव्या खोल्या, एक रिकामी. पंधराशे. काकूंनी किल्ली देता देता विचारलं, "जेवायचं सांगितलंत का कुठे?" नाही म्हटल्यावर त्या थांबल्या. "अहो, मग दुपारी फोन नाही का करायचा? भाताचं आधण उतरवलं मी आत्ताच." या घरांमध्ये मोजून रांधतात. ताट सांगितलेलं असेल तरच नारळ फुटतो. त्या रात्री काकूंनी त्यांच्यातलंच दिलं : मऊ भात, कुळथाचं पिठलं, भाजलेला पापड. सासूबाई ओट्याशी जाऊन बसल्या आणि दोघींचं कुठल्या तरी लांबच्या नात्यापर्यंत पोहोचलं. पैसे घेताना काकूंनी जेवणाचे लावलेच नाहीत. त्या म्हणाल्या, "सांगितलं नव्हतंत ना, मग हॉटेल कसं झालं?" आता दुपारी दोनच्या आत मी पुढच्या गावी निदान जेवण सांगून ठेवते, मग खोली न ठरलेली का असेना. ताट सांगितलं की खोलीही आपोआप धरून ठेवतात, हा फायदा वेगळाच.

ॲपबद्दल अगदीच वाईट लिहिणार नाही. शहरात, जिथे कुणाला फोन करायचा हेच माहीत नसतं, तिथे बरं पडतं. पण मार्चमध्ये पुण्याच्या पुढे एका हॉटेलात रात्री आठला आम्ही उभे आणि काउंटरवरचे म्हणतात, "तुमचं बुकिंग आमच्याकडे आलंच नाही." माझ्या मोबाइलवर हिरवी खूण, त्यांच्या संगणकावर काही नाही. तासाभराने दुसऱ्या हॉटेलात, सातशे जास्त देऊन. आता ॲपवर खोली घेतली तरी त्याच संध्याकाळी हॉटेलला स्वतः फोन करून माझं नाव वाचून दाखवायला सांगते.

दराचंही एक आहे. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. एका ठिकाणी आम्हाला जानेवारीतही १२ लावून बिल दिलं. दाखवून दिल्यावर "सिस्टिममध्ये जुनंच आहे" म्हणत हाताने दुरुस्त केलं. बिल वाचा. आणि नोंदणी नसलेल्या छोट्या घरगुती ठिकाणी थेट गेलात तर कर लागत नाही. तीच खोली ॲपवरून घेतली तर कर भरण्याची जबाबदारी ॲपवर येते, म्हणजे फिरून तुमच्यावर. वर कमिशन. आंजर्ल्याच्या काकूंची पंधराशेची खोली मी नंतर एका ॲपवर एकोणीसशेला पाहिली.

आधारकार्ड सगळीकडे मागतात. मी मास्क्ड आधारच्या चार प्रती छापून ठेवल्या आहेत, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. दोन ठिकाणी कुरकुर झाली, मग ह्यांचं लायसन्स पुढे केलं.

खोली बघायला मी आणि सासूबाई जातो. हे गाडीतच, सामान डिकीत. बॅगा उतरल्या की भाव संपला. आत गेल्यावर मी नळ सोडते, फ्लश ओढते, चादर कोपऱ्यातून उचलून खालची गादी बघते, खिडकीची खिटी लावून बघते. सासूबाई फक्त एक करतात : पलंगावर बसून उठून बघतात. हात न टेकता उठता आलं नाही की त्या बाहेर येऊन म्हणतात, "चला, पुढे बघू." पलंग फार खाली, एवढाच अर्थ. माझ्या चार तपासण्यांत पास झालेल्या तीन खोल्या त्यांनी अशा नापास केल्या आहेत.

पुढच्या महिन्यात आंबोलीचा बेत आहे, ऐन पावसात. आंबोलीची खोली शनिवारपासून सांगून झाली. शुक्रवारपुढे वहीत कालच लिहून ठेवलंय : माणगाव, खालची खोली, पाणी सहा ते आठ, गादीखाली घालायला आपली सतरंजी न्यावी, पेनसुद्धा.