नौपाड्यात बायोस चिप बदलून घेतली

संगणक सुरू केल्यावर पंखे फिरत, पण पडद्यावर काहीच उमटत नसे, आणि एका सेवा केंद्राने थेट नवा मदरबोर्ड घेण्याचा सल्ला दिला होता. ठाण्यातील नौपाड्याच्या एका लहान दुकानातील तंत्रज्ञाने मात्र प्रथम जुन्या बायोस चिपमधील (संगणक सुरू करणारा पहिला प्रोग्राम जिच्यात असतो, ती मदरबोर्डावरची चिप) माहिती वाचून जपून ठेवली, कारण लॅनचा मॅक पत्ता (नेटवर्कवर संगणक ओळखण्याचा क्रमांक) आणि बोर्डाचा अनुक्रमांक पुष्कळदा तिथेच नोंदलेला असतो. नंतर त्यांनी तीच चिप प्रोग्रामरने, म्हणजे चिपवर माहिती लिहिणाऱ्या उपकरणाने, दोनदा पुन्हा लिहून पाहिली. दोन्ही वेळा पडताळणी फसली, तेव्हाच ती बदलायचे ठरवले. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो, कारण केवळ मजकूर बिघडला असेल तर नव्या चिपची गरजच नसते. नवी चिप आठ पायांची, १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट क्षमतेची होती, ती ३.३ व्होल्टचीच हवी, १.८ व्होल्टची चालणार नाही, हे त्यांनी न विचारताच समजावले. गरम हवेने केलेले सोल्डरिंग अतिशय स्वच्छ आहे. खर्च बाराशे रुपये आला. काम दोन दिवस लांबले आणि त्याबद्दल फोन आला नाही, ही उणीव खरी. पण जुनी चिप पाकिटात घालून परत दिली, पावतीवर नव्या चिपचा क्रमांकही लिहिला.