माहीमची बुधवारची नोव्हेना : सलग ९ बुधवार करून लिहितेय, ४ स्टार

आधीच सांगते, मी वसईची. आमचं चर्च घरापासून पाच मिनिटांवर आहे, मग लोकलला लटकून माहीमला कशाला मरायला जातेस असं आईनेपण विचारलं होतं. खरं कारण असं की गावातल्या चर्चमध्ये डोळे पुसले की संध्याकाळपर्यंत अख्ख्या आळीला कळतं. माहीमला कोण ओळखतंय? बाजूला बुरख्यातली बाई, पुढे कपाळाला गंध लावलेले काका, सगळे आपापलं ओझं घेऊन आलेले, कोणी कोणाकडे बघत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सेंट मायकल चर्च, पोर्तुगीजांच्या वेळचं, आत्ताची इमारत मात्र १९७३ ची. बुधवारची नोव्हेना, म्हणजे मदर मेरीकडे नऊ वेळा करायची प्रार्थना, १९४८ पासून चालू आहे, दिवसभर वेगवेगळ्या भाषांत असते, मराठीतपण. लोक सलग ९ बुधवार करतात. फी वगैरे प्रकार नाही.

आता आमच्या घराचं. पपा गेले आणि घराच्या वाटणीवरून दादा आणि आई यांचं फाटलं. खाली दादा-वहिनी, वर आई आणि मी. दादाची दारू वाढली, मग पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करणं, दारं आपटणं, चुली तर कधीच वेगळ्या झाल्या होत्या. सगळ्यात वाईट म्हणजे आमच्यातला पोस्टमन कोण, तर दादाची ८ वर्षांची मुलगी. "आत्या, पप्पा बोलले लाइटबिल भरा." मग आम्हीपण तिच्याच हाती उलट निरोप पाठवायचो, आणि त्यात आपण काही चुकतोय असं मला एकदापण वाटलं नव्हतं, हे लिहायला आज लाज वाटते.

पहिले तीन बुधवार मी प्रार्थना केलीच नाही खरं तर, तक्रारअर्ज दिला. दादाला सुधार, वहिनीचं तोंड बंद कर, अशी यादी. तिथे लोकांची आभाराची पत्रं वाचतात, कोणाला नोकरी लागली, कोणाला मूल झालं, आणि मी मनात म्हणायचे, आमच्या भावाने व्हॉल्व्ह उघडला तरी मी चार पानी पत्र टाकेन.

चौथ्या बुधवारी रांग हलत नव्हती म्हणून मातेचं चित्र नीट बघितलं. लहानपणापासून घरात तेच चित्र आहे, मूळ रोमला आहे, १८६६ पासून रिडेम्प्टरिस्ट नावाच्या संघाच्या फादरांकडे, हे सगळं कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणात, पाठ केलेलं. पण त्यात बाळ येशू घाबरलेला आहे हे कधी डोक्यातच शिरलं नव्हतं. दोन बाजूंना देवदूत, एकाकडे भाला, दुसऱ्याकडे क्रूस आणि खिळे, ते बघून तो आईला बिलगलाय आणि त्याच्या एका पायातली चप्पल सुटून लोंबतेय. त्याच्या आदल्याच शनिवारी खाली भांडण पेटलं तेव्हा आमची पोर एका पायात चप्पल अशीच जिना चढून वर पळत आली होती. मी तिथे रांगेत उभी राहून रडले, मागच्या बाईने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

त्या दिवसापासून पोरीच्या हाती निरोप बंद. आईलापण सांगितलं, ती आधी चिडली मग गप्प झाली.

पाचव्या बुधवारी बाहेरच्या स्टॉलवरून मेणाचं घर घेतलं. तिथे मेणाचे हात, पाय, बाळ, घर सगळं मिळतं, ज्याचं जे मागणं असेल ते वाहायचं. आत जाता जाता बायबलमधलं मत्तय ५:२३-२४ आठवलं, वेदीपाशी आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. बघा हां, माझं भावाविरुद्ध काही आहे असं नाही, भावाचं माझ्याविरुद्ध! आणि होतं ना, पपांच्या आजारपणात मी चारचौघांत त्याला बेवडा म्हटलं होतं. मेणाचं घर तसंच पर्समध्ये घालून परत आले.

मग मत्तय १८ मधली पद्धत, आधी एकट्याने भेट, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत घेऊन जा. एकटी गेले, माफी मागितली, तो टीव्हीकडे बघत "बरं" म्हणाला, बस. दहा दिवसांनी मामा आणि आमच्या गावच्या चर्चचे फादर यांना घेऊन गेले, तेव्हा दोन तास बसलो, आरडाओरडा झाला पण निदान समोरासमोर झाला. आता दादा एएच्या (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या) मीटिंगला कधी जातो कधी बुट्टी मारतो, मी अल-अॅनॉनला जाते, ते दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असतं. वाटणीचं वकिलाकडेच आहे. व्हॉल्व्ह उघडा आहे.

तर ४ स्टार. एक कापला कारण वहिनी अजून आईशी बोलत नाही, यात चर्चचा काही दोष नाही पण रिव्ह्यू माझा आहे.

आणि एक, "प्रार्थना करा, सहन करा" सांगणारे खूप भेटतील. घरात कोणी हात उचलत असेल तर आधी ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) ला फोन करा, नोव्हेना पळून जात नाही.

विरार फास्ट माहीमला थांबत नाही, बांद्र्याला उतरून स्लो पकडा. संध्याकाळपेक्षा सकाळी जा. मेणाचं घर अजून माझ्या कपाटात आहे, मे महिन्यात छप्पर थोडं वाकलं.