महेश्वरी की चंदेरी?

इंदूरच्या शीतलामाता बाजारात दोन्ही साड्या समोर उलगडल्या, तर माझा कौल महेश्वरीला. ताणा म्हणजे उभा धागा रेशमी, बाणा म्हणजे आडवा धागा सुती. उन्हाळ्यात दिवसभर नेसली तरी अंगाला जड होत नाही. काठ दोन्ही बाजूंनी सारखा, म्हणून उलटसुलट कशीही नेसा. तिचे डाळिंबी, गुलबक्षी, तपकिरी हे जुने रंग सावळ्या वर्णावर फार खुलतात, आणि सोबत खसाचं अत्तर हवंच.

चंदेरीचं रेशीम त्याच्या अंगचा नैसर्गिक डिंक न काढता विणतात, म्हणून ती झिरझिरीत आणि चमकदार. संध्याकाळच्या लग्नाला मोतिया रंगाची चंदेरी आणि मोगऱ्याचा गजरा, बस्स! मात्र घड्या अधूनमधून बदला, नाहीतर तिथेच विरते. अत्तर दोन्हींच्या बाबतीत मनगटावरच लावा; कापडावर तेलाचा डाग पडतो.